पहिली कळशी

कारभारी आभाळे यांनी उभ्या आयुष्यात तीनशेच्या वर विहिरींच्या जागा दाखवल्या, पण स्वतःच्या रानात पाण्यासाठी हातभर खड्डा खणला नाही. पाणाड्यानं आपल्यापुरतं पाणी बघायचं नाही, हा त्यांच्या घराण्याचा नेम. दुसरा नेम, पैशाला शिवायचं नाही. विहिरीला पाणी लागलं की मालकानं वाजतगाजत त्यांच्या गावी, निमदरीला यायचं आणि नारळ, टॉवेल-टोपी अन् नव्या पाण्याची पहिली कळशी पाणाड्याच्या दारात ठेवायची. पाणाड्यानं एक घोट घ्यायचा आणि पाणी कसं आहे, कुठून आलंय, किती टिकेल ते चार माणसांसमोर सांगायचं. तिसरा नेम सगळ्यांत कडक. आणलेली कळशी परत पाठवायची नाही. नाकारलेलं पाणी आटतं, असं त्या बाजूची माणसं मानत आणि कारभारीतात्याही मानत. एकदा दोन भावांनी विहिरीच्या वाटणीवरून एकमेकांची डोकी फोडली आणि पट्ट्या बांधलेल्या डोक्यांनी दोघं दोन कळश्या घेऊन आले. तात्या दोन्ही कळश्यांतलं पाणी प्याले, दोघांना आईमाईवरून शिव्या घातल्या आणि दोन्ही टोप्या ठेवून घेतल्या.

वृषाली ही त्यांची एकुलती एक लेक. शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि बापामागं रानोमाळ हिंडायची. तात्यांच्या तळहातावर नारळ असायचा आणि मालकाची सगळी नजर त्या नारळावर. "नारळ लोकांसाठी गं," परतताना तात्या तिला सांगत. "बघायचं पायानं न् डोळ्यानं. उंबर कुठं हाय, वारूळ कुठं हाय, दगड काळा हाय का तांबूस, सकाळचं दव कुठं उशिरा उठतंय." पोरीला दगडांचा नाद लागला तो लागलाच. पुढं ती नाशिकला भूशास्त्र शिकली, आणि सरकारनं भूपटाची, म्हणजे जमिनीखालच्या दगड-पाण्याच्या नकाशाची योजना काढली तेव्हा आपल्याच तालुक्याची नकाशाकार म्हणून नेमून आली. लग्न झालं तेही जवळच, निमदरीच्या खाली तीन मैलांवर, आंबेसोंडच्या नवल्यांकडं.

आता थोडं दगडाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपला हा सगळा मुलूख लाव्ह्याचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, निवला, त्यावर पुन्हा पसरला, आणि पोळीला पदर सुटावेत तसे थरावर थर बसले. यातला घट्ट काळा दगड पाण्याचा थेंब धरत नाही. पाणी राहतं ते दोन थरांमधल्या भुसभुशीत दगडात आणि भेगांमध्ये. काही ठिकाणी मागाहून आलेला लाव्हा उभ्या चिरांमधून वर घुसला आणि आतच गोठला. जमिनीखाली त्याच्या उभ्या भिंती झाल्या, मैलोन् मैल लांब. अशी भिंत उताराला आडवी आली की जमिनीच्या पोटातलं पाणी तिच्यामागं तुंबतं. वर शेतं, ढोरं, माणसं, आणि खाली कुणाला न दिसणारं धरण.

निमदरी अशा भिंतीच्या वर होती. तिची थोरली विहीर कुणाच्या आठवणीत आटली नव्हती. आंबेसोंड भिंतीच्या खाली. तिथं नऊशे फुटांवरून पाणी उपसत, आणि ते असं खारं की चहा फाटायचा. मुतखडा झाला नाही असं घर त्या गावात नव्हतं. आंबेसोंडनं तीन वेळा अंदाजानं भिंतीला आडवं बोअर मारून पाहिलं होतं. तिन्ही वेळा कोरडा भुकटा निघाला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणत माणसं घरी गेली. आडात होतं, पण आड नेमका कुठं ते वरच्यांनाच ठाऊक, असंही काही जण म्हणत.

भूपटानं ही सगळी लपाछपी मोडली. जमिनीला लगटून उडणारी ड्रोन दगडातलं चुंबकत्व टिपत गेली. शेताशेतात सळ्या ठोकून विजेचा प्रवाह सोडला आणि तो कुठं अडतो, कुठं पळतो ते मोजलं. जुन्या बोअरच्या नोंदी गोळा झाल्या, प्रत्येक विहिरीत तासातासाला पातळी कळवणारी डबी बसली. हे सगळं एका गणिती यंत्रानं शिवून काढलं. मग काय, माणसानं आपल्या बांधावर उभं राहायचं, फोन जमिनीकडं धरायचा आणि पायाखालचे तीनशे फूट पदरापदरानं बघायचे. जे पक्कं माहीत ते गडद रंगात, जिथं यंत्राचा नुसता अंदाज तिथं धुकं. ते धुकं हटवायचा अधिकार फक्त नकाशाकाराला. तिनं चालत जायचं, हातोड्यानं दगड फोडायचा, डोळ्यांनी बघायचं आणि शपथेवर पक्का बिंदू टाकायचा. यंत्र स्वतःच्या हजार मोजमापांपेक्षा त्या एका बिंदूवर जास्त विश्वास ठेवायचं.

पाच वर्षांत असं झालं की सातबाऱ्यासोबत भूपटाचा उतारा लागायला लागला. सोयरीक जमवताना मुलाच्या पगाराआधी त्याच्या वावराखालचा रंग बघायला लागले. एका मुलीनं तर मांडवात कळलं म्हणून लग्न मोडलं. बरं केलं म्हणणारेच जास्त निघाले.

आणि कारभारीतात्यांकडं कुणी येईनासं झालं. शेवटची कळशी येऊन चार वर्षं झाली होती. ते ओट्यावर बसून राहत, नारळ तुळशीपाशी सुकत पडलेला. लेकीच्याच यंत्रानं बापाला बसवलं, असं लोक तोंडावर म्हणत, आणि वृषाली हसून सोडून देई. आतून तिला ते लागायचं.

मार्चमध्ये तालुक्याचा नकाशा पुरा करून द्यायचा होता. सगळा गडद झाला होता, फक्त निमदरीच्या भिंतीवर मधोमध दोनशे फुटांचा धुक्याचा डाग राहिला. तिथून विजेची उच्च दाबाची तार गेली होती. तिच्याखाली ड्रोन आंधळं होई आणि सळ्यांमधले आकडे भरकटत. नाशिकचे साहेब रोज विचारत, "मॅडम, तेवढा डाग कधी जाणार?"

त्याच आठवड्यात तात्यांचा फोन आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काचबिंदू आहे, उरलेली नजर पावसाळ्यापर्यंत.

ती गेली तेव्हा तात्या काठी घेऊन तयारच होते. भर दुपारी तिला घेऊन ते आसरांपाशी गेले. करंजाच्या झाडाखाली शेंदूर फासलेले सात धोंडे, त्या साती आसरा, पाण्यातल्या देवी. निमदरीच्या बाया दर वर्षी तिथं दहीभात आणि खण ठेवत. आसरांच्या आवारात पहार लावायची नाही, लावली तर त्या बुडवतात, हे वृषालीनं पाळण्यापासून ऐकलेलं. डोक्यावर तार गुणगुणत होती. नकाशावरचा धुक्याचा डाग नेमका इथंच होता.

"माझा बाप डोळे जायच्या आधी मला हितं घेऊन आला," तात्या म्हणाले. "तवा मी सतरा वर्षांचा. हे एकालाच सांगायचं असतंय, न् ते बी पोराला. पोरगी परक्या घरची."

"मग मला कशाला सांगताय?"

"पुतण्याला तीनदा फोन केला. भाऊसाहेब चाकणला गाडी चालवतोय. म्हणला, सुट्टी नाय, फोनवरच सांगा. फोनवर सांगायची गोष्ट हाय का ही? आता तुझं तोंड बी मला धुरातनं दिसतंय, वृषे. मग कुणाला सांगू, ह्या करंजाला?"

त्यांनी तिचा हात धरला आणि चौथ्या धोंड्यावर टेकवला.

"हितं भिंत फाटली हाय. बाकी समदी अखंड, पस्तीस हात रुंद. हितं चार-पाच हात उरलीय न् ती बी भेगाळलेली. थोरल्या विहिरीचं समदं पाणी आतनं येऊन हितं टेकतंय. माझ्या पणज्यानं गावासाठी विहीर घ्यायला खणलं न् बघून त्याची बोबडी वळली. रातोरात बुजवलं, वर सात धोंडे मांडले, शेंदूर फासला. आसरा हायेत का नाय, मला ठाव नाय. बुडवतील हे मात्र खरं."

वृषालीला हसू आलं आणि रडूही आलं. पिढ्यान् पिढ्या लेकीला न सांगितलेली गोष्ट बापानं तिला सांगितली होती. ती तिथंच त्यांच्या गळ्यात पडली. तात्यांनी तिला कुणाला सांगू नको म्हणून बजावलं नाही. त्यांच्या घराण्यात सांगणं हीच शपथ असे, वेगळं बजावायची वेळ कधी आली नव्हती.

पण वृषालीच्या धंद्याचा नेम उलटा. तिथं कळलेलं न लिहिणं हे पाप. शिवाय ती नुसत्या बोलण्यावर गेली नाही. शेजारच्या ओघळीत उतरली, दगड फोडला, भेगांमध्ये बसलेली चिकट माती बोटांनी उकरून पाहिली. तात्यांचा शब्द न् शब्द खरा होता. दोन दिवस तिनं कळ काढली. मग तिला वाटलं, भिंत कुठं नाजूक आहे ते नकाशावर आलं तर उद्या कुणी अडाण्यासारखं तिथं सुरुंग लावणार नाही. आणि दुसरंही वाटलं, जे तिनं कुणाला सांगितलं नसतं. ज्या नकाशानं बापाला ओट्यावर बसवलं, त्या नकाशावर बापाचं नाव यावं. तिनं पक्का बिंदू टाकला. स्थानिक जाणकार या रकान्यात लिहिलं, कारभारी आभाळे, निमदरी. शेऱ्यात लिहिलं, भिंत येथे भेगाळलेली, कोणत्याही परिस्थितीत छेदू नये.

शेरा हा रकाना यंत्र वाचत नाही, हे तिला माहीत होतं. दहा वर्षं तीच नोकरी करत होती, माहीत नसायला काय झालं? पण आपण लिहिलेलं कुणीतरी वाचतंच, ही शिकलेल्या माणसाची खोड असते. यंत्रानं बिंदू घेतला, धुकं झरझर ओसरलं, भेगांमधून पाणी किती वेगानं सुटेल ते मोजलं आणि चौथ्या धोंड्याखाली एक सुबक निळा थेंब काढला. थेंबाखाली ओळ आली. आडव्या बोअरसाठी अत्यंत अनुकूल, खात्री सत्त्याण्णव टक्के. आणि त्याखाली ठळक अक्षरांत, स्थानिक जाणकार, कारभारी आभाळे.

शेरा कुठंच दिसत नव्हता.

आंबेसोंडला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. वृषालीचे सासरे सोपानराव नवले हे माजी सरपंच, सरळ मनाचा माणूस. ते फोन हातात घेऊन तिच्यासमोर उभे राहिले.

"सूनबाई, हे खरंय?"

शपथेवर तिनंच लिहिलेलं.

"आपल्या हद्दीतल्या विहिरीतनं एकशेवीस फूट," हेमंत, तिचा नवरा, म्हणाला. "खात्री नव्वदच्या वर असली की परवाना आठ दिवसांत मिळतो. वृषाली, अगं, बोल की. तुझ्या गावाला कुणी हात लावत नाहीये, आपण आपल्या जमिनीतनं जातोय."

"अहो, ते पाणी त्यांचं आहे."

"पाण्यावर नाव असतं का?"

"तात्यांनी मला विश्वासानं..."

"आणि ओवीचं काय?" हेमंतनं विचारलं.

ओवी त्यांची नऊ वर्षांची मुलगी. दोन वर्षांत तिला तीनदा मुतखड्याची कळ येऊन गेली होती. गेल्या वेळी ती न्हाणीच्या दारात आडवी पडून भिंतीवर टाचा आपटत होती, आणि वृषालीनं तिचे पाय धरून ठेवले होते.

बिंदू मागं घ्यायची सोय होती. एक पान उघडायचं आणि शपथेवर लिहायचं, माझी नोंद खोटी होती. मग परवाना थांबला असता. पण खरी गोष्ट खोटी म्हणून लिहायची, आपली सनद घालवायची, आणि नकाशाकार खोटी ठरली म्हणून तालुक्याच्या एक्केचाळीस गावांवर पुन्हा धुकं आणायचं. वृषाली रोज दुपारी ते पान उघडे आणि मिटे. ही सगळी कारणं खरी होती, त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. आणखीही एक खरं होतं. तिला ते पाणी हवं होतं. दहा वर्षं तिनं सासरचा खारा चहा गिळला होता आणि माहेराहून निघताना दर खेपेला एक बाटली भरून आणली होती. आठव्या दिवशी परवाना आला, तेव्हा तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. आता आपल्या हातात काही नाही, असं म्हणायला ती मोकळी झाली.

नवल्यांच्या कोरड्या विहिरीत क्रेननं आडव्या बोअरचं यंत्र सोडलं. दिवसभर पांढरा भुकटा उडत होता. चार वाजता लाल चिखल आला, आणि मग पाण्याची जाड धार समोरच्या कडेवर जाऊन आदळली. माणसं रडली. सोपानराव विहिरीत उतरून त्या धारेखाली अंगावरच्या कपड्यांनिशी उभे राहिले. हेमंतनं तांब्या भरून वृषालीला दिला. ती डोळे मिटून प्याली. चव माहेरची होती. त्या दिवशी तिला गाढ झोप लागली.

निमदरीच्या थोरल्या विहिरीतली डबी तासातासाला पातळी कळवत होती. पहिल्या दिवशी एकतीस फूट. चौथ्या दिवशी पंचवीस. निमदरीची माणसं तहसीलला गेली, तिथून कोर्टात गेली, कोर्टानं पावसाळ्यानंतरची तारीख दिली. वृषाली हेमंतला म्हणाली, "निदान झडप तरी बसवा." त्यांनी बसवली. पण उपयोग झाला नाही, कारण भेगांमध्ये शतकानुशतकं बसलेली माती धुऊन निघाली होती आणि पाणी बोअरच्या बाजूनंच वाट काढत होतं. विसाव्या दिवशी डबीनं शून्य कळवलं, आणि मग कळवायचं बंद केलं.

त्याच संध्याकाळी यंत्रानं स्वतःहून नवा हिशेब मांडून नकाशाकाराला पाठवला. मागं भिंत राहिली नाही, तेव्हा नवं पाणी तुंबणार नाही. जे आहे ते ओहोळून जाईल. आंबेसोंडची विहीर दोन वर्षं एक महिना चालेल. मग दोन्ही गावं सारखीच. वृषालीनं ते वाचलं आणि घरात कुणाला सांगितलं नाही.

निमदरीत तात्यांना कळलं ते शेजारच्या चांगुणाकाकूकडून. तिनं ओट्यावर येऊन फोनवरचं मोठ्यानं वाचून दाखवलं. "स्थानिक जाणकार, कारभारी आभाळे, निमदरी. ऐकलंत ना? का पुन्हा वाचू?" तात्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग ते उठून घरात गेले. गावानं त्यांना वाळीत टाकलं नाही, हातही उगारला नाही. टँकरच्या रांगेत फक्त त्यांचा हंडा रोज शेवटी जाई. कुणी मुद्दाम उचलून ठेवताना दिसत नव्हतं, पण तो शेवटीच असे. वृषालीनं फोन केले, ते त्यांनी उचलले नाहीत. ती एकदा जाऊन दारात उभी राहिली. आतून बोलले, "कोण हाय?" ती म्हणाली, "मी, वृषाली." मग ती तशीच परत आली.

एवढ्यावर मिटतं तर बरं झालं असतं. पण सोपानराव रीतीचा माणूस. पाण्याची पहिली कळशी त्यांनी देवघरात झाकून ठेवली होती, आखितीच्या मुहूर्ताची वाट बघत. अक्षयतृतीयेला पाण्याचा घडा दान करतात, त्याहून चांगला दिवस कोणता?

"नाना, नका नेऊ," वृषाली म्हणाली. "तिथं प्यायला पाणी नाहीये."

"मग तं नेलीच पाहिजे," सोपानराव म्हणाले. त्यांच्या मनात काही काळं नव्हतं. "जागा त्यांनी दाखवली, नकाशावर नाव त्यांचं हाय. पाणाड्याचा मान ठेवला नाय तर पाणी टिकंल का? आणि कळशी तू घे डोक्यावर. तिथली लेक, इथली सून. शोभंल."

तिनं नाही म्हणायला हवं होतं. पण बापाला भेटायची दुसरी वाट उरली नव्हती, आणि दारात आलेली कळशी तात्या परत पाठवत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली.

हलगी वाजत होती, पंधरावीस माणसं होती, कुणी टॉवेल-टोपीचं ताट धरलेलं. चढण चढून निमदरीच्या वेशीत शिरले तर रस्त्याच्या कडेनं हंड्यांची रांग लागली होती, पार देवळापर्यंत. टँकर तीनला यायचा होता. हंड्यांशेजारी बसलेली माणसं उठून उभी राहिली. हलगीवाल्याला कुणी थांब म्हटलं नाही, पण त्याचे हात आपोआप थांबले.

तात्या ओट्यावर बसले होते. वृषालीनं कळशी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी हात पुढं करून ती चाचपली, काठावरून बोट फिरवलं.

"कुणाची कळशी?"

"आंबेसोंडची, पाहुणं," सोपानराव हात जोडून म्हणाले. "जागा तुमची, मान तुमचा."

मागं सगळी निमदरी गोळा झाली होती. चांगुणाकाकू पुढं आली. तिचा आवाज चढला नाही. "तात्या, नाही म्हणा. एकदाच नाही म्हणा. तुमच्या तोंडून गेलं की आटंल ते, आम्ही काही मागणार नाही दुसरं."

सोपानरावांचा चेहरा पांढरा पडला. तेही मानणाऱ्यांतलेच. वृषालीला शिकलेली म्हणून हसू यायला हवं होतं. ती श्वास धरून उभी राहिली.

तात्यांनी बराच वेळ कळशीवरचा हात काढला नाही. मग लेकीच्या दिशेनं तोंड केलं, पण जरासं बाजूला, कारण ती नेमकी कुठं उभी आहे ते त्यांना दिसत नव्हतं.

"ओवी पितीय का हे पाणी?"

"पितीय, तात्या."

"कळ?"

"नाही आली पुन्हा."

त्यांनी कळशी कलती केली, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्याले. चांगुणाकाकू वळली आणि आपल्या हंड्यापाशी जाऊन बसली. तिच्यामागून बाकीचेही गेले. तात्यांनी मिशा पुसल्या आणि नेहमीसारखं, चार माणसांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"पाणी गोड हाय. निमदरीच्या थोरल्या विहिरीचं हाय. दोन पावसाळं टिकंल, तिसरा बघायचं नाय."

यंत्राचा आकडा या घरात कुणाला ठाऊक नव्हता.

सोपानरावांनी टोपी पुढं केली. तात्यांनी ती घेतली आणि बाजूला ठेवली. मग म्हणाले, "पाहुणे उन्हाचं चढून आलेत. त्यांना पाणी द्या."

घरात पाणी नव्हतं. हंडा बाहेर रांगेत होता, शेवटी, रिकामा. दारी आलेल्याला पाणी दिल्याशिवाय त्या घरातून कधी कुणी गेलं नव्हतं. वृषालीनं आतून पेला आणला, कळशीतून भरला आणि सासऱ्यांना दिला. मग हलगीवाल्याला, मग एकेकाला. माणसं मान खाली घालून प्याली. नाही म्हणायची कुणाला छाती झाली नाही. रस्त्याच्या कडेनं हंडे धरून बसलेली माणसं बघत होती. पंधरावीस पेल्यांत कळशी संपली.

"तात्या," ती म्हणाली, "मी राहू का दोन दिवस? तुमचं डोळ्यांचं..."

तात्यांनी तिचं ऐकलं. मग तोंड सोपानरावांकडं वळवलं.

"सोपानराव, आता निघा," ते म्हणाले. "टँकर यायची वेळ झाली. माणशी एक हंडा मिळतोय, यादी केलेली हाय. तुमच्या सूनबाईंचं नाव त्यात नाय."

ते काठीनं वाट काढत ओट्यावरून उतरले आणि रांगेच्या शेवटी आपल्या हंड्यापाशी जाऊन उभे राहिले. त्यांना कुणी पुढं बोलावलं नाही. खालच्या वळणावर टँकरचा आवाज आला, तेव्हा वृषालीनं रिकामी कळशी काखेत घेतली आणि आंबेसोंडच्या माणसांमागून उतरायला लागली.